जखमेचं ड्रेसिंग: हातांचा क्रम, नेमकं काय बघायचं आणि नेहमी होणाऱ्या चुका

ड्रेसिंग बिघडतं ते बहुतेक वेळा जखमेला हात लागण्याआधीच. ग्लोव्हज घातले, मग लक्षात आलं की टेप कापायची राहिली. त्याच ग्लोव्हजने खिसा चाचपला, कात्री काढली, पलंगाचा कठडा खाली केला आणि त्याच हातांनी जखम पुसली. बघणाऱ्याला सगळं नीट वाटतं, कारण हातात ग्लोव्हज आहेत. चार-पाच दिवसांनी टाक्यांभोवती लाली पसरते तेव्हा तो खिसा कुणालाच आठवत नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवताना आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्या नातेवाइकांना दाखवताना मला वर्षानुवर्षं त्याच चुका दिसत आल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच चुका अज्ञानातून होत नाहीत. प्रत्येक पायरी माहीत असते, पण क्रम उलटसुलट होतो. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिलं आहे.

हा लेख टाक्यांच्या जखमा, साधं कापणं-खरचटणं, उघड्या राहून भरत येणाऱ्या जखमा आणि बेडसोर (एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम) यांच्यापुरता आहे. मोठं भाजणं, प्राण्याचा चावा, खोल भोसकलेली जखम किंवा दाबून धरूनही न थांबणारं रक्त असेल तर थेट डॉक्टर गाठा. तुमच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळायची.

## आधी हे ठरवा: जखम कितव्या दिवसात आहे?

ड्रेसिंग उघडल्यावर जे दिसेल त्याचा अर्थ दिवसावर ठरतो. त्यामुळे ट्रॉलीकडे जाण्याआधी तारीख बघा.

पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. पुढचे तीन-चार दिवस दाहाचे: कडांना थोडी लाली, थोडी सूज, हाताला ऊब, दुखणं. पांढऱ्या पेशी तिथे येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करत असतात, तेव्हा ही लाली म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. साधारण चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवं मांस भरतं, बारीक रक्तवाहिन्या उगवतात आणि कडांवरून कातडी आत सरकत येते. त्यानंतर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ आतले कोलॅजेनचे धागे घट्ट होत राहतात.

तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या साधारण एक पंचमांश ताकद असते, आणि पूर्ण भरल्यावरही ती ८० टक्क्यांच्या आसपासच थांबते. टाके निघाले की वजन उचलायला हरकत नाही, असं रुग्ण समजून चालतो. त्याला हे आकडे जरूर सांगा.

टाके घालून बंद केलेल्या जखमेच्या कडा साधारण ४८ तासांत वरून मिटतात. तोवर शस्त्रक्रियेच्या वेळी लावलेलं ड्रेसिंग उघडायचं नाही. ते भिजून गेलं, सुटलं, किंवा आत काही बिघडल्याची शंका आली, तरच उघडायचं.

तपासा: आज ड्रेसिंग बदलायलाच हवं का? प्रत्येक वेळी उघडल्यावर जखम थंड पडते आणि पेशींचं काम मंदावतं. शिवाय नवी कातडी ओढली जाते ती वेगळीच. "रोज बदललं की लवकर भरतं" हा समज मी इतक्यांदा ऐकला आहे की पहिला प्रश्न मी हाच ठेवते.

## टप्पा १: रुग्ण आणि खोली

रुग्णाला काय करणार ते सांगा आणि परवानगी घ्या. टेप, आयोडीन किंवा रबराची ॲलर्जी आहे का ते विचारा. मागच्या वेळी दुखलं होतं का, हेही विचारा. दुखलं असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या ३० ते ४५ मिनिटं आधी द्या. गोळी देऊन लगेच ड्रेसिंगला बसलात, तर तिचा असर सगळं आटोपल्यावर सुरू होतो.

लघवी-शौच आधी उरकू द्या. ज्या स्थितीत रुग्ण वीस मिनिटं आरामात राहील आणि तुम्हाला पाठ वाकवावी लागणार नाही, अशी स्थिती द्या. पडदा ओढा. जेवढा भाग लागेल तेवढाच उघडा.

पंखा बंद करा. झाडणं आणि चादरी बदलणं ड्रेसिंगच्या निदान अर्धा तास आधी संपलेलं हवं, कारण हवेत उडालेली धूळ खाली बसायला वेळ लागतो. एकापेक्षा जास्त रुग्ण असतील तर स्वच्छ जखमा आधी, पू असलेल्या शेवटी.

## टप्पा २: सगळं सामान एकाच वेळी मांडा

नियम एकच: ग्लोव्हज घातल्यानंतर काहीही आणायला उठावं लागता कामा नये.

ट्रॉली किंवा टेबल पुसून कोरडं करा. मग मांडा: साधे स्वच्छ ग्लोव्हजचा एक जोड, निर्जंतुक ग्लोव्हज किंवा निर्जंतुक चिमट्यांचा संच, गॉझ (जाळीदार कापडाच्या निर्जंतुक घड्या), नॉर्मल सलाईन (मिठाचं निर्जंतुक पाणी), आतलं आणि वरचं ड्रेसिंग, मोजपट्टी, पेन, हातावर चोळायचं द्रावण, कचऱ्याची पिशवी. टेपचे तुकडे आत्ताच कापून ट्रॉलीच्या कडेला चिकटवून ठेवा. सगळ्यात जास्त वेळा विसरतं ते हेच.

प्रत्येक पाकीट हातात घेऊन बघा: मुदत संपली आहे का, फाटलंय का, ओलं झालंय का. ओलं होऊन वाळलेलं पाकीटही निर्जंतुक राहत नाही. कागदातून ओल आत गेली की तिच्यासोबत जंतूही आत जातात. शंका आली तर ते पाकीट वापरू नका.

सलाईनची बाटली आधीच फोडलेली असेल आणि ती कधी फोडली हे तिच्यावर लिहिलेलं नसेल, तर नवी घ्या.

कचऱ्याची पिशवी तुमच्या आणि रुग्णाच्या बाजूला हवी. निर्जंतुक सामानाच्या पलीकडे ठेवली, तर घाण गॉझ टाकताना प्रत्येक वेळी ते स्वच्छ सामानावरून जाईल.

घरी ड्रेसिंग करत असाल तर साध्या जखमेसाठी सलाईनऐवजी पिण्यायोग्य स्वच्छ पाणी चालतं. पाण्याच्या स्वच्छतेबद्दल शंका असेल तर उकळून, झाकून, गार करून घ्या.

सावध: सुटा कापूस थेट जखमेवर ठेवू नका आणि त्याने जखम पुसूही नका. त्याचे तंतू आत अडकतात आणि शरीर त्यांच्याशी बाहेरच्या वस्तूसारखं भांडत बसतं.

## टप्पा ३: हात

साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, किंवा अल्कोहोलच्या द्रावणाने २० ते ३० सेकंद, हात पूर्ण कोरडे होईपर्यंत. हात दिसायला मळलेले असतील, किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच वापरा. काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

सुटून जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: अंगठे, बोटांची टोकं, बोटांमधल्या फटी. अंगठी, घड्याळ, बांगड्या आधी काढा, नखं कापलेली ठेवा.

एका ड्रेसिंगमध्ये हात किमान चार वेळा स्वच्छ व्हायला हवेत: सामान मांडण्याआधी, जुनं ड्रेसिंग काढण्याआधी, ते काढून ग्लोव्हज टाकल्यावर, आणि सगळं संपल्यावर. तिसरी वेळ बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची. ग्लोव्हजना बारीक छिद्रं असू शकतात, काढताना हात मळू शकतात. आत्ताच घाण ड्रेसिंग हाताळलेलं असताना पुढचे ग्लोव्हज न धुतलेल्या हातावर चढवले, तर नव्या ग्लोव्हजच्या बाहेरच्या बाजूलाही तेच जंतू लागतात.

## टप्पा ४: जुनं ड्रेसिंग काढणं

साधे स्वच्छ ग्लोव्हज घाला. टेप जखमेच्या दिशेने, कातडीला समांतर, हळूहळू सोडवा, आणि दुसऱ्या हाताने शेजारची कातडी दाबून धरा. टेप वर खेचली की म्हाताऱ्या माणसांची पातळ कातडी टेपसोबत निघते, आणि एक जखम बरी करायला गेलेला माणूस दुसरी करून येतो.

गॉझ चिकटलं असेल तर त्यावर सलाईन टाका आणि थांबा. दोन मिनिटं, पाच मिनिटं, जेवढी लागतील तेवढी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाईत एका आजोबांच्या पायावरचं वाळलेलं गॉझ ओढून काढलं होतं. ते काहीच बोलले नाहीत, फक्त त्यांच्या पायाची बोटं आखडली. गॉझला लाल दाणेदार मांसाचा थर लागलेला होता. दहा दिवसांत त्यांच्या शरीराने जे भरून आणलं होतं, ते मी एका झटक्यात उपटलं. तेव्हापासून सलाईन टाकून घड्याळाकडे बघत थांबायची सवय मी लावून घेतली, आणि विद्यार्थ्यांनाही तेच करायला लावते.

पोकळीत भरलेलं गॉझ असेल तर मागची नोंद वाचून मोजा: आत किती तुकडे घातले होते, बाहेर किती आले. आकडा जुळला नाही तर डॉक्टरांना कळवा. आत राहिलेला एक तुकडा महिनोन् महिने पू आणत राहतो. आतला स्राव बाहेर काढणारी नळी असेल तर ती ड्रेसिंगसोबत ओढली जात नाही ना, ते दुसऱ्या हाताने सांभाळा.

तपासा: काढलेलं ड्रेसिंग टाकण्याआधी बघा. किती भिजलंय, रंग काय, वास आहे का. जेल होणाऱ्या काही ड्रेसिंगखाली पिवळसर, वास येणारा चिकट थर जमतो. तो पू वाटतो, पण ते ड्रेसिंगच वितळलेलं असतं. म्हणून वासाबद्दलचं मत जखम धुतल्यानंतरच बनवायचं.

ग्लोव्हज काढा, पिशवीत टाका, हात स्वच्छ करा.

## टप्पा ५: थांबा आणि बघा

ड्रेसिंगमधला हा भाग सगळ्यात कमी वेळात उरकला जातो. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा, कारण जखम बिघडत असल्याची पहिली खूण हातांपेक्षा डोळ्यांना कळते. एका नजरेत जेवढं दिसेल ते लगेच बघून घ्या, आणि साफ केल्यावर याच क्रमाने पुन्हा बघा.

तळ. लाल, ओलसर, दाणेदार: चांगलं मांस भरतंय. फिकट गुलाबी: वरून कातडी येतेय. पिवळा किंवा करडा चिकट थर: मेलेला मऊ भाग. काळा, कडक: मेलेली कातडी. गडद लाल, फुगलेलं आणि हात लागताच रक्त येणारं मांस निरोगी नसतं, तिथे जंतूंचा भार वाढल्याची शंका घ्या.

कडा आणि भोवतालची कातडी. पांढरी, सुरकुतलेली, भिजल्यासारखी कातडी म्हणजे स्राव जास्त आहे आणि ड्रेसिंग तो पेलत नाही. कडा आत वळून गोल झाल्या असतील तर कातडी पुढे सरकायची थांबली आहे.

स्राव. पाणीदार, रक्तमिश्रित पाणीदार, लाल रक्ताचा, की दाट पिवळा-हिरवट पू? आणि किती? "थोडा" म्हणजे नेमका किती, हे गॉझच्या किती भागावर डाग आहे त्यावरून लिहा.

माप. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी तिच्या काटकोनात, खोली निर्जंतुक काडीने सगळ्यात खोल जागी. आत कडेखाली पोकळी असेल तर तिची दिशा घड्याळाच्या काट्यांनी सांगा, डोक्याची बाजू म्हणजे १२. आठवड्यातून एकदा तरी माप घ्या, आणि दर वेळी रुग्णाची स्थिती तीच ठेवा. कुशीवर घेतलेलं माप आणि पालथं झोपवून घेतलेलं माप यांत फरक पडतो.

### दाह आहे की जंतुसंसर्ग?

इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. पहिल्या दोन-तीन दिवसांतली कडांपुरती लाली बघून अँटिबायोटिक मागितलं जातं, आणि सहाव्या दिवशी पसरत चाललेल्या लालीकडे "अजून जखम ओली आहे" म्हणून दुर्लक्ष होतं. दिशा बघा. दाह रोज थोडा कमी होतो. जंतुसंसर्ग रोज थोडा वाढतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली कडांपासून दूर सरकली, जागा तापलेली आणि टणक लागली, पू आला, धुतल्यावरही वास राहिला, भरत आलेली जखम अचानक थांबली किंवा मोठी झाली, तर संसर्ग समजून कळवा. शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग ३० दिवसांपर्यंत उद्भवू शकतो आणि आत कृत्रिम सांधा वगैरे बसवला असेल तर आणखी उशिरानेही, म्हणून घरी गेल्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

लालीची सीमा पेनने आखा आणि शेजारी वेळ लिहा. सहा तासांनी लाली रेषेबाहेर गेली असेल, तर वाद घालायला जागा राहत नाही.

गडद कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूने ऊब तपासा, कडकपणा बघा, शेजारच्या कातडीशी रंगाची तुलना करा: जांभळट किंवा काळपट छटा आली आहे का?

सावध: मधुमेही, खूप वयस्क किंवा स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णांत ताप आणि लाली दोन्ही नसू शकतात. त्यांच्यात अचानक वाढलेली साखर, गेलेली भूक, नवा गोंधळलेपणा हीच खूण असते.

### स्वॅब कधी आणि कसा

स्वॅब म्हणजे तपासणीसाठी निर्जंतुक काडीने घेतलेला जखमेचा नमुना. तो संसर्गाची लक्षणं असतील तरच घ्यायचा. प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतातच, त्यामुळे लक्षणं नसताना घेतलेला स्वॅब काहीतरी दाखवतोच आणि विनाकारण औषधं सुरू होतात. आधी जखम सलाईनने धुवा. मग स्वच्छ दिसणाऱ्या तळावर साधारण १ चौरस सेंटिमीटर जागेत काडी थोडी दाबून ५ सेकंद फिरवा, म्हणजे आतला द्रव वर येतो. वरच्या पुवात बुडवलेली काडी पृष्ठभागावरचे जंतू सांगते, आतले नाही. शक्य असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्या.

## टप्पा ६: साफ करणं

निर्जंतुक सामान आता उघडा. निर्जंतुक ग्लोव्हज घाला, किंवा चिमट्यांनी काम करा. जे जखमेला टेकणार आहे, त्याला दुसरं काहीही टेकता कामा नये, हे तत्त्व घरी कराल तेव्हाही तेच.

कशाने धुवायचं? नॉर्मल सलाईन, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी, आणि तेही थंडगार नको. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तीव्र जंतुनाशकं जंतूंसोबत नव्या मांसाच्या पेशीही मारतात. पेरॉक्साइडला फेस आला की साफ झाल्यासारखं वाटतं, पण तो फेस आपल्याच पेशींतल्या आणि रक्तातल्या विकरामुळेही येतो. पोव्हिडोन आयोडीनला मळक्या किंवा संसर्ग झालेल्या जखमेत थोड्या दिवसांसाठी जागा आहे, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर. छान लाल भरत आलेल्या जखमेवर ते सवयीने रोज ओतणं थांबवा.

दिशा: कमी मळलेल्या भागाकडून जास्त मळलेल्या भागाकडे.

१. टाक्यांची रेषा असेल तर आधी रेषेवरून वरून खाली एक फेरा. मग एका बाजूने रेषेला समांतर, मग दुसऱ्या बाजूने.
२. नळी असेल तर नळीपासून सुरू करून बाहेरच्या दिशेने गोल.
३. एक गॉझ, एक फेरा. मागे फिरवायचं नाही, परत बुडवायचं नाही.
४. उघडी खोल जखम पुसू नका, धुवा. २० किंवा ३० मिलिलिटरच्या सिरिंजने धार धरा, खाली किडनी ट्रे (वाकड्या आकाराचं पसरट भांडं) लावा, वाहून येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. पाणी उडतं, चष्मा आणि मास्क लावा.

भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. जखमेचा तळ कोरडा करायचा नाही.

तपासा: मध्येच ग्लोव्हज कुठे टेकला? पलंग, स्वतःचा मास्क, रुग्णाचा हात? टेकला असेल तर बदला. हे मान्य करायला विद्यार्थी लाजतात. मी त्यांना सांगते, मोठ्याने "टेकला" म्हणा आणि दुसरा जोड मागा.

## टप्पा ७: झाकणं

जखमेला हवा लागू द्यावी, ती वाळून खपली धरावी, हा समज फार घट्ट बसलेला आहे. कातडीच्या पेशी ओलसर पृष्ठभागावरून सरकतात. खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं आणि वेळ जास्त लागतो. म्हणून ओलसर ठेवायची, पण चिंब नाही. स्राव जास्त असेल तर शोषणारं ड्रेसिंग, कोरडी असेल तर ओल देणारं, आणि टाक्यांची मिटलेली रेषा असेल तर साधं कोरडं आवरण पुरतं.

याला एक मोठा अपवाद आहे. टाचेवर किंवा पायाच्या बोटांवर कोरडा, कडक, घट्ट चिकटलेला काळा थर असेल आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर तो ओला करायचा नाही, सोलायचा नाही, कापायचा नाही. त्याखाली मऊ लागलं, कडेने पाणी आलं किंवा लाली दिसली, तर डॉक्टरांना दाखवा.

पोकळी असेल तर ओलसर केलेलं गॉझ सैलसर भरा. उघडी जखम तळातून वर भरत यायला हवी, म्हणून वरचं तोंड आधी मिटू नये एवढ्यापुरतं ते भरणं असतं. ठासून भरलं की रक्तपुरवठा दाबला जातो. गॉझचं एक टोक बाहेर दिसतं ठेवा आणि तुकडे मोजून लिहा.

वरचं ड्रेसिंग जखमेच्या कडेबाहेर निदान २ ते ३ सेंटिमीटर पोचायला हवं. टेप ताणून लावू नका. ताणलेली टेप आकसते आणि कातडीवर पाण्याचे फोड आणते. हात किंवा पायाला बँडेज बांधताना बोटांकडून वर जा, बोटांची टोकं उघडी ठेवा. नख दाबून सोडलं की रंग २ ते ३ सेकंदांत परत यायला हवा. पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झालेली नसताना दाब देणारं घट्ट बँडेज स्वतःच्या मनाने बांधू नका.

सावध: गोळी कुटून किंवा कॅप्सूल फोडून जखमेवर पूड टाकू नका. तिचा थर बनतो, खाली स्राव अडकतो, आणि पुढच्या वेळी तळ दिसतच नाही.

## टप्पा ८: आवरणं आणि लिहिणं

ग्लोव्हज आतली बाजू बाहेर येईल असे काढा, कचरा ठरलेल्या पिशवीत, टोकदार वस्तू टोकदार वस्तूंच्या डब्यात, आणि हात स्वच्छ करा. मग लगेच लिहा. दुपारी आठवून लिहिलेल्या नोंदीत "जखम स्वच्छ, ड्रेसिंग केलं" एवढंच उरतं, आणि रात्रपाळीच्या नर्सला त्यातून काहीच कळत नाही.

नोंद अशी असावी:

"शस्त्रक्रियेनंतरचा ५ वा दिवस, सकाळी १०.१५. पोटावरची मधली उभी जखम, १२ सेंटिमीटर, टाके शाबूत. खालच्या टोकाच्या २ टाक्यांभोवती १ सेंटिमीटर लाली, पेनने आखली. स्राव थोडा, पाणीदार, नाण्याएवढा डाग, वास नाही. दुखणं १० पैकी ३, काल २ होतं. ताप ३७.२ अंश सेल्सिअस. नॉर्मल सलाईनने साफ करून कोरडं गॉझ लावलं. लालीबद्दल डॉक्टरांना कळवलं. संध्याकाळी ६ ला लाली पुन्हा बघायची."

अर्ध्या तासाने रुग्णाकडे परत जा. बोटं गार पडली का, मुंग्या येतात का, ड्रेसिंग इतक्यात भिजलं का? या फेरीला एक मिनिट लागतं.

## ड्रेसिंगच्या मधल्या तासांत

जखम दिवसातली वीस मिनिटं तुमच्या हातात असते. बाकीचे तास रुग्णाच्या शरीराच्या आणि अंथरुणाच्या हवाली.

दाब. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर २ तासांनी बदला. त्याच्या कातडीला त्याआधीच लाली येत असेल तर आणखी लवकर. पूर्ण ९० अंशांत कुशीवर झोपवलं तर कमरेच्या बाजूच्या हाडावर सगळा भार येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल द्या. पलंगाचं डोकं जेवण किंवा श्वासाच्या त्रासासाठी उचलावं लागतं, पण एरवी ३० अंशांच्या वर ठेवू नका, रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी घासते. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. रुग्णाला खेचू नका, चादरीने दोघांनी उचलून सरकवा.

हाडावर लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा झाला तर दाब हटवून थोड्या वेळाने पुन्हा बघा. पांढरा होत नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी आहे, त्या जागेवर भार बंद. अशा डागावर मालिश करू नका, खालचे नाजूक पेशीजाल फाटतात. मध्ये भोक असलेल्या गोल उशाही नकोत. त्यांच्या कडांचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा तोडतो.

ओल. लघवी-शौच झाल्यावर लगेच साफ करून, टिपून, कातडीला संरक्षक मलम लावा. ओल्या कातडीला घासल्याची इजा फार लवकर होते.

आहार. भरणाऱ्या मोठ्या जखमेला प्रथिनं लागतात. बेडसोरच्या रुग्णाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरच ठरवतील. कोलॅजेन तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ताटात काय वाढलं ते लिहू नका, रुग्णाने किती खाल्लं ते लिहा.

साखर आणि तंबाखू. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढू शकत नाहीत. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, आणि तेवढा वेळ जखमेला प्राणवायू कमी पोचतो. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाला रागावण्यापेक्षा हे कारण समजावून सांगा, ते जास्त ऐकलं जातं.

## लगेच हाक मारायची वेळ

ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, लाली झपाट्याने पसरते आहे, जखमेच्या दिसण्याच्या मानाने दुखणं फारच जास्त आहे, कातडी दाबल्यावर खाली करकर जाणवते: वाट बघू नका. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, आणि माणूस नव्याने गोंधळलेला, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर संसर्ग सगळ्या शरीराला ग्रासतो आहे असं धरून चाला. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी मोजत असल्यासारखा हात धरून मोजलात तर रुग्ण जाणूनबुजून श्वास बदलत नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत, बऱ्याचदा खोकल्यावर किंवा उठताना, रुग्ण म्हणतो "आत काहीतरी सुटलं", आणि ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्याने चिंब होतं. टाके उसवले असतील. आतडं बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉझ त्यावर पसरा आणि ओलं ठेवत राहा. रुग्णाला उताणं झोपवा, डोकं किंचित वर, गुडघे दुमडलेले, म्हणजे पोटावरचा ताण कमी होतो. तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही. नाडी आणि रक्तदाब बघत राहा, त्याच्याशी शांतपणे बोलत राहा, आणि सर्जनना बोलवायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. तुम्ही पलंगापासून हलायचं नाही.